‘स्कॅटर्ड’ला मराठीत कुठे काय म्हणायचं: नवख्यांसाठी वाटाड्या

अनुवादाचं काम नुकतंच हातात घेतलं होतं तेव्हाची गोष्ट. हवामानाची चार ओळींची बातमी इंग्रजीतून मराठीत आणायची होती. त्यात ‘स्कॅटर्ड शॉवर्स’ दिसलं. कोश उघडला, पहिलाच अर्थ ‘विखुरलेला’ असा सापडला आणि मी बिनधास्त लिहून टाकलं, ‘उद्या विखुरलेल्या सरी पडतील.’ मजकूर तपासणाऱ्या बाईंनी समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं: ‘सरी आधी कुठे गोळा झाल्या होत्या?’

तेव्हा राग आला. पुढे बरीच वर्षं हा शब्द वेगवेगळ्या वेषांत भेटत राहिला आणि दर वेळी तोच पेन्सिलीचा प्रश्न उपयोगी पडला. इंग्रजी शिकताना, अनुवाद करताना किंवा नुसतं वाचताना तुम्ही या शब्दापाशी अडखळत असाल, तर मी ज्या खड्ड्यांत पडलो ते तुम्हाला चुकवता यावेत म्हणून हे लिहितोय. एकाच बैठकीत सगळं वाचायची गरज नाही. तुमचं काम पावसाच्या बातमीशी असेल तर सरळ पाचव्या पायरीवर जा. दुसरी पायरी मात्र कुणीही गाळू नका.

सोबत काय घ्यायचं

शिकणाऱ्यांसाठी केलेला एक इंग्रजी-इंग्रजी कोश हवा. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन या तिघांचेही असे कोश जालावर फुकट बघता येतात. त्यांच्यात अर्थ सोप्या इंग्रजीत असतो आणि प्रत्येक अर्थाखाली उदाहरणं असतात. आपल्याला अर्थापेक्षा उदाहरणंच जास्त लागणार आहेत.

दुसरा मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ सालची, पण तो शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल ग्रंथालयात शोधता येतो. तो उलटा वापरायचा. म्हणजे मराठी शब्द न शोधता इंग्रजी अर्थांच्या मजकुरात ‘स्कॅटर’ शोधायचा. पांगणे, उधळणे, विस्कटणे अशी आपल्याच घरातली विसरलेली भांडी एकामागून एक बाहेर येतात.

तिसरी एक वही. तिच्यात सुटे शब्द लिहू नका, अख्खी वाक्यं लिहा. इंग्रजी-मराठी कोश असेल तर असू द्या, पण तो सगळ्यात शेवटी उघडायचा. मी आधी उघडला आणि काय झालं ते वर आलंच आहे.

१. उच्चार आणि स्पेलिंग एकदाच पक्कं करा

जोर पहिल्या अक्षरावर: ‘स्कॅ’. ब्रिटिश बोलण्यात ‘र’ जवळजवळ ऐकू येत नाही, कानावर ‘स्कॅटड’ पडतं. अमेरिकी बोलण्यात मधला ‘ट’ मऊ होतो आणि ऐकणाऱ्याला ‘स्कॅडर्ड’ वाटतं. दोन्ही बरोबर.

स्पेलिंगमध्ये ‘टी’ दोनदा, ‘आर’ एकदाच. ‘प्रिफर’चा भूतकाळ करताना ‘आर’ दुप्पट होतो, मग इथे का नाही? कारण ‘प्रिफर’मध्ये जोर शेवटच्या अक्षरावर आहे, ‘स्कॅटर’मध्ये पहिल्या. ‘ऑफर’ आणि ‘एंटर’ यांचंही असंच.

२. आधी एकत्र होतं का, ते विचारा

हाच तो पेन्सिलीचा प्रश्न. इंग्रजीत ‘स्कॅटर्ड’ या एका रूपात तीन वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात आणि इंग्रजी वाचकाला त्या वेगळ्या काढाव्या लागत नाहीत. आपल्याला लागतात, कारण मराठीत त्या तिघींना तीन वेगळी दारं आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे घडलेली क्रिया. ‘द विंड स्कॅटर्ड द पेपर्स.’ कागद एका जागी होते, वाऱ्याने उडवले, आता चहूकडे पडलेत. आधीची अवस्था आहे, नंतरची आहे आणि मधे कुणीतरी कर्ता आहे. इथे विखुरणे, उधळणे, पांगवणे यांपैकी काहीतरी चालतं. कोणतं, ते तिसऱ्या पायरीत पाहू.

दुसरी गोष्ट म्हणजे नुसती मांडणी. ‘स्मॉल फार्म्स आर स्कॅटर्ड अक्रॉस द व्हॅली.’ ही शेतं कुणी कधी विखुरली नाहीत. ती एका ढिगात नव्हतीच. इंग्रजीत क्रियापदाचं रूप आहे, पण क्रिया कुठेच घडलेली नाही. मराठीत याला ‘खोऱ्यात ठिकठिकाणी छोटी शेतं आहेत’ एवढं पुरतं. ‘जागोजाग’, ‘अधूनमधून’, ‘इथे-तिथे’ हे शब्द या जागेसाठीच आहेत. आणि ‘विखुरली गेलेली आहेत’ असं लिहिलंत, तर वाचक मनात विचारतो, कुणी?

एक अपवाद सांगून ठेवतो, नाहीतर कुणीतरी भूगोलाचं पुस्तक माझ्यापुढे धरेल. वस्त्यांच्या प्रकारांमध्ये ‘विखुरलेली वस्ती’, ‘केंद्रित वस्ती’, ‘रेषाकृती वस्ती’ या संज्ञा रुळलेल्या आहेत. तिथे ‘विखुरलेली’ ही परिभाषा आहे, तिला हात लावू नका.

तिसरी गोष्ट म्हणजे थोडकेपणा. ‘देअर वॉज स्कॅटर्ड अप्लॉज.’ टाळ्या पडल्या, पण मोजक्या, एक या कोपऱ्यातून आणि एक त्या कोपऱ्यातून. इथे जागेपेक्षा संख्या महत्त्वाची आहे: ‘तुरळक टाळ्या पडल्या.’ ‘अ स्कॅटरिंग ऑफ हाउसेस’ हे नामरूपही याच घरातलं, म्हणजे तुरळक घरं. ‘टाळ्यांचं विखुरणं’ असं भाषांतर मी प्रत्यक्ष छापलेलं पाहिलंय. नाव सांगत नाही, कारण आपणही काही धुतल्या तांदळाचे नाही.

वाक्य समोर आलं की पहिल्यांदा ते या तिघांपैकी कुठलं, एवढंच ठरवा. अजून मराठी शब्द शोधूच नका. तीन-चार आठवडे हे मुद्दाम केलं की नंतर नजर आपोआप तसं बघायला लागते.

३. काय विखुरलं आहे, त्यावरून क्रियापद निवडा

घडलेल्या क्रियेचं वाक्य आहे असं ठरलं की पुढचा प्रश्न: नेमकं काय विखुरलं? मराठी इथे फार चोखंदळ आहे.

माणसं असतील तर पांगणे. जमाव पांगतो, पोलीस तो पांगवतात. ढगही पांगतात. घाबरून पळापळ असेल तर ‘पांगापांग झाली’, जीव घेऊन कुणी कुठेही धावत सुटले असतील तर ‘सैरावैरा पळाले’, आणि सैन्य असेल तर ‘दाणादाण उडाली’. इंग्रजी वाक्यात तिन्ही ठिकाणी नुसतं ‘स्कॅटर्ड’ असू शकतं. किती घबराट आहे ते आजूबाजूच्या वाक्यांवरून ताडायचं.

केस असतील तर विस्कटणे. लावून ठेवलेली रचना, कपड्याची घडी, मांडलेला पट, हे सगळं विस्कटतं. विचार, कारभार, वाहतूक हे विस्कळीत होतं.

घरातल्या वस्तू असतील तर बहुतेक वेळा क्रियापदच नको. ‘टॉइज वर स्कॅटर्ड अराउंड द रूम’ याला ‘खोलीत खेळण्यांचा पसारा होता’ यापेक्षा चांगलं मराठी मला अजून सुचलेलं नाही. अव्यवस्थेवर भर हवा असेल तर ‘अस्ताव्यस्त पडली होती’.

बी असेल तर फोकणे. ओळीत पेरणी वेगळी, मूठ भरून फोकणं वेगळं. दुसऱ्यालाच इंग्रजीत ‘स्कॅटर’ म्हणतात. गंमत म्हणजे आज रेडिओ-टीव्हीशी जोडलेला ‘ब्रॉडकास्ट’ हा शब्दही मुळात असं बी फोकण्याचाच. आवाजाला तो विसाव्या शतकात चिकटला. पाककृतीत ‘स्कॅटर ओव्हर द टॉप’ असेल तर ‘वरून भुरभुरवा’ किंवा ‘वरून पेरा’.

फुलं, गुलाल, पैसा असेल तर उधळणे. इथे जरा थांबतो, कारण ही जागा मला फार आवडते. ‘स्कॅटर’च्या इंग्रजीतल्या जुन्यात जुन्या नोंदींपैकी एक बाराव्या शतकातल्या पीटरबरो इतिवृत्तात, म्हणजे इंग्लंडमधल्या एका मठाच्या वर्षवार बखरीत, आहे. स्टीफन राजाकडे खजिना आला आणि त्याने तो मूर्खासारखा वाटून उडवला, असं ११३७ सालच्या नोंदीत म्हटलंय. त्या ‘उडवला’च्या जागी हे क्रियापद आहे. म्हणजे हा शब्द आपल्याला पहिल्यांदा भेटतो तो नेमका आपल्या ‘पैसा उधळला’ या अर्थाने! पुढे इंग्रजीत पैशासाठी ‘स्क्वाँडर’ रुळला आणि ‘स्कॅटर’ बाकी सगळीकडे गेला. मराठी ‘उधळणे’ने मात्र पैसाही धरून ठेवला आणि फुलंही. वर बैल उधळतो आणि सभाही उधळली जाते.

सापळा: ‘हर ॲशेस वर स्कॅटर्ड ॲट सी.’ इथे ‘राख विखुरली’ किंवा ‘राख उधळली’ असं लिहिणं म्हणजे मेलेल्या माणसाचा अपमान. ‘रक्षा समुद्रात विसर्जित केली’ किंवा साधं ‘समुद्रात सोडली’. इंग्रजी क्रियापद रोजच्या वापरातलं असलं तरी मराठीत प्रसंगाचा मान राखणारा शब्दच हवा.

आणखी एक. मराठीत विखुरणे, विस्कटणे, उधळणे ही क्रियापदं दोन्ही तऱ्हांनी चालतात: ‘दाणे विखुरले’ हेही बरोबर आणि ‘त्याने दाणे विखुरले’ हेही. पांगणे मात्र तसं नाही. गर्दी आपणहून पांगते, दुसऱ्याने पांगवावी लागते. इंग्रजी ‘स्कॅटर’ही दोन्हीकडे चालतं. त्यामुळे ‘द क्राउड स्कॅटर्ड’ म्हणजे गर्दी पांगली, आणि ‘द क्राउड वॉज स्कॅटर्ड’ असं कर्मणी रूप बातमीत आलं, तर बहुतेक वेळा गर्दी कुणीतरी पांगवली. बातमीत या एका ‘वॉज’वरून पोलिसांवर आरोप होतोय की नाही ते ठरतं. घाईत तो गिळू नका.

४. शब्दामागचं छोटं अव्यय वाचा

नवखे इथे घसरतात, कारण डोळा मोठ्या शब्दावर असतो. ‘अक्रॉस’ आलं की पसारा रुंद, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. ‘अमंग’ आलं की दुसऱ्या वस्तूंच्या मधेमधे. ‘थ्रूआउट’ आलं की कुठलाच भाग सुटलेला नाही. ‘ओव्हर’ पृष्ठभागासाठी, पण काळासाठीही: ‘स्कॅटर्ड ओव्हर थ्री डिकेड्स’ म्हणजे तीन दशकांत अधूनमधून.

‘ऑल ओव्हर’ दिसलं तर आनंद माना. त्यासाठी मराठीत एक अक्षरी नव्हे पण एक प्रत्ययी सोय आहे: -भर. घरभर, अंगणभर, जगभर, अंगभर. ‘द बुक्स वर स्कॅटर्ड ऑल ओव्हर द हाउस’ याला ‘पुस्तकं घरभर पडली होती’ म्हटलं की झालं. ‘संपूर्ण घरामध्ये सर्वत्र विखुरलेल्या अवस्थेत’ असं लांबड लावणारा अनुवाद मीच केलेला आहे आणि तो एका जुन्या फाइलमध्ये अजून आहे.

‘विथ’ हे सगळ्यात फसवं. ‘लीव्ह्ज वर स्कॅटर्ड ऑन द पाथ’ आणि ‘द पाथ वॉज स्कॅटर्ड विथ लीव्ह्ज’ ही दोन्ही वाक्यं एकाच दृश्याची आहेत, पण दुसऱ्यात कर्त्याच्या जागी वाट आहे. शब्दशः गेलात तर वाटच विखुरली असं होईल. मराठीत ‘वाटेवर जागोजाग पानं पडली होती’ म्हणा, किंवा वाटेवरच नजर ठेवायची असेल तर ‘वाट पानांनी भरली होती’. दुसऱ्यात पानं जास्त दाट वाटतात, हे लक्षात ठेवून निवडा.

५. पावसाच्या आणि ढगांच्या बातमीत हा शब्द मोजून वापरलेला असतो

आतापर्यंत आपण कानावर विसंबून होतो. इथे कान बाजूला ठेवायचा. हवामानशास्त्रात ‘स्कॅटर्ड’ला आकडे आहेत.

भारतीय हवामान विभाग पाऊस किती ठिकाणी पडेल ते चार पायऱ्यांत सांगतो. एखाद्या विभागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस असेल तर ‘आयसोलेटेड’, २६ ते ५० टक्के असेल तर ‘स्कॅटर्ड’, ५१ ते ७५ टक्के असेल तर ‘फेअरली वाइडस्प्रेड’ आणि त्याहून जास्त असेल तर ‘वाइडस्प्रेड’. मराठी अंदाजात यांची जोडी अनुक्रमे अशी लागते: तुरळक ठिकाणी, काही ठिकाणी, बऱ्याच ठिकाणी, बहुतांश ठिकाणी.

सापळा नीट पाहा. दुसऱ्या पायरीत आपण टाळ्यांसाठी ‘तुरळक’ वापरला आणि तो बरोबर होता. पण हवामानाच्या बातमीत ‘तुरळक’ ही ‘आयसोलेटेड’ची जागा आहे. ‘स्कॅटर्ड रेन’ला ‘तुरळक पाऊस’ लिहिलंत, तर निम्म्या केंद्रांपर्यंत जाऊ शकणारा पाऊस तुम्ही पाव भागावर आणून ठेवला. वाचणारा छत्री घरी ठेवून निघेल. म्हणून इथे ‘काही ठिकाणी’च.

अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या अंदाजात हाच शब्द पावसाच्या शक्यतेशी बांधलेला असतो आणि साधारण ३० ते ५० टक्क्यांसाठी येतो. मजकूर कोणत्या देशाचा आहे ते आधी पाहा. एकाकडे तो किती केंद्रांवर पाऊस पडेल ते सांगतो, दुसरीकडे पावसाची शक्यता किती ते. दोन्हींत एक गोष्ट मात्र समान आहे: पावसाच्या जोराबद्दल ‘स्कॅटर्ड’ अवाक्षर काढत नाही. काही ठिकाणी पडणारा पाऊस त्या ठिकाणी धो धो पडू शकतो.

विमानतळाच्या हवामान संदेशात ‘एससीटी’ अशी तीन अक्षरं दिसतात, तीही याच शब्दाची. आकाशाचे आठ भाग कल्पायचे. १ ते २ भाग ढगांनी झाकले असतील तर ‘फ्यू’, ३ ते ४ असतील तर ‘स्कॅटर्ड’, ५ ते ७ असतील तर ‘ब्रोकन’, आठही असतील तर ‘ओव्हरकास्ट’. म्हणजे ‘स्कॅटर्ड क्लाउड्स’ वाचून जवळजवळ निरभ्र आकाश डोळ्यांपुढे आणू नका. अर्धं आकाश झाकलेलं असू शकतं.

६. विज्ञानाच्या पुस्तकात नवा शब्द घडवू नका

प्रकाशाच्या संदर्भात ‘स्कॅटरिंग’ आलं तर मराठी पाठ्यपुस्तकांत त्याला ‘विकिरण’ म्हणतात. हवेतल्या रेणूंवर सूर्यप्रकाश आदळतो आणि सगळ्या दिशांना फेकला जातो. तरंगलांबी जितकी कमी तितकं हे फेकणं जास्त, तेही चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ७०० नॅनोमीटरच्या तांबड्यापेक्षा जवळजवळ ६ पट जास्त विखुरतो आणि म्हणून आकाश निळं. हे रॅले या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या नावाचं विकिरण. द्रवातून विखुरलेल्या प्रकाशात थोडा प्रकाश बदललेल्या तरंगलांबीचा असतो, हे रामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. २८ फेब्रुवारी १९२८ ही त्याची तारीख आणि १९३० साली त्यासाठी नोबेल मिळालं.

इथे दोन सापळे आहेत. पहिला, ‘डिस्पर्शन’. रोजच्या इंग्रजीत ‘डिस्पर्स’ आणि ‘स्कॅटर’ हे शेजारी आहेत, पण प्रकाशाच्या पाठात त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. लोलकातून पांढरा प्रकाश सात रंगांत फुटतो त्याला ‘डिस्पर्शन’ म्हणतात, मराठीत ‘अपस्करण’. आकाशाचा निळा रंग विकिरणाचा, इंद्रधनुष्याचे रंग अपस्करणाचे. ‘प्रकाश विखुरतो’ एवढंच दोन्हीकडे लिहिलंत तर विद्यार्थी परीक्षेत नक्की गडबडणार.

दुसरा सापळा हिंदीचा. हिंदीत ‘विकिरण’ म्हणजे ‘रेडिएशन’, आणि ‘स्कॅटरिंग’ला तिकडे ‘प्रकीर्णन’ म्हणतात. मराठीत ‘रेडिएशन’ला ‘प्रारण’. हिंदी पानावरून उचललेला एक परिच्छेद मी असाच पुढे सरकवला होता आणि एका शिक्षकाने तो सुधारून परत पाठवला. तोपर्यंत मला वाटायचं, संस्कृत शब्द आहे म्हणजे सगळीकडे सारखाच असणार.

७. माणूस ‘स्कॅटर्ड’ असतो तेव्हा

कामाच्या एका बैठकीत सहकारी म्हणाली, ‘सॉरी, आय ॲम अ बिट स्कॅटर्ड टुडे.’ मला वाटलं, तिची कामं वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. मी मदतीच्या भावनेने विचारलं, ‘कुठे कुठे?’ ती हसली तेव्हा कळलं. मन थाऱ्यावर नाही, लक्ष एका जागी टिकत नाही, असं ती सांगत होती.

मराठीत यासाठी मन हाच कर्ता करावा. ‘आज माझं चित्त थाऱ्यावर नाही’, ‘आज लक्षच लागत नाहीये’. माणसालाच ‘विखुरलेला’ म्हटलं की अर्थ फार खोल आणि दुःखी होतो, कवितेतल्यासारखा. बैठकीला उशिरा आलेल्या माणसाला तेवढं करुण करायची गरज नसते.

‘स्कॅटरब्रेन्ड’ हा त्याचा चुलतभाऊ, पण तो क्षणाचा नाही, स्वभावाचा. म्हणजे विसरभोळा, वेंधळा. त्यात थोडी माया असते आणि थोडी टर. वरिष्ठांबद्दल लिहिताना तो टाळा. ‘स्कॅटरगन ॲप्रोच’ मात्र माणसाबद्दल नाही, कामाच्या पद्धतीबद्दल आहे: नेम न धरता चहूकडे मारा. ‘अंधारात दगड मारणं’ त्याच्या बरंच जवळ जातं.

८. वैद्यकीय अहवालात हा शब्द दिसला तर

फार लिहीत नाही, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. स्तनांच्या मॅमोग्राफीच्या अहवालात ‘स्कॅटर्ड एरियाज ऑफ फायब्रोग्लँड्युलर डेन्सिटी’ असं वाक्य येतं आणि वाचणारीच्या पोटात गोळा येतो, काहीतरी ‘पसरलंय’ असं वाटून. ऊतींच्या घनतेचे जे चार ठरलेले वर्ग असतात, त्यांतला हा दुसरा. ते घनतेचं वर्णन आहे, आजाराचं नाव नाही. अहवालात बाकी काय आहे ते डॉक्टरांनाच विचारा. घरी कुणासाठी भाषांतर करत असाल तर निदान ‘पसरलेला’ हा शब्द वापरू नका. आजाराच्या संदर्भात मराठीत त्याचा अर्थ भलताच होतो.

९. शेजारचे शब्द वेगळे ओळखा

‘शॅटर्ड’ हा सगळ्यात जवळचा आणि सगळ्यात घातक. दोघं बहुधा एकाच मुळाची जुनी रूपं; एकात ‘स्क’ राहिला, दुसऱ्यात ‘श’ झाला, ‘स्कर्ट’ आणि ‘शर्ट’ यांच्यासारखं. ‘शॅटर्ड’मध्ये वस्तूच फुटते. काच ‘शॅटर’ होते, मग तिचे तुकडे ‘स्कॅटर’ होतात. स्वप्नं इंग्रजीत ‘शॅटर्ड’ असतात. आणि ब्रिटिश माणूस ‘आय ॲम शॅटर्ड’ म्हणाला तर तो फक्त फार दमलाय, त्याचं सांत्वन करायला धावू नका.

‘डिस्पर्स’ औपचारिक आहे, त्यात शिस्त असू शकते. सभा संपल्यावर लोक ‘डिस्पर्स’ होतात, गोळीचा आवाज झाल्यावर ‘स्कॅटर’ होतात. ‘स्ट्रून’मध्ये निष्काळजीपणा आहे: टाकून दिल्यासारखं पडलेलं. ‘स्प्रेड’मध्ये सलगपणा आहे, मधे फटी नाहीत, ‘स्कॅटर्ड’ला फटी लागतातच. ‘स्पार्स’ म्हणजे विरळ, त्यात नुसती घनता. ‘स्पोरॅडिक’ म्हणजे काळात विखुरलेलं, अधूनमधून घडणारं.

शेवटच्या शब्दाचं मूळ ग्रीक, अर्थ ‘विखुरलेला’च. परदेशी पांगलेल्या समाजासाठीचा ‘डायस्पोरा’ आणि बुरशीचा ‘स्पोर’ हेही त्याच कुळातले. सगळ्यांच्या मुळाशी बी पेरणं आहे. म्हणून ‘डायस्पोरा’साठी कुणी ‘विखुरलेला समाज’ लिहिलं तर मी खोडत नाही. तिथे लोक आधी एकत्र होते, पेन्सिलीच्या प्रश्नाला उत्तर आहे.

१०. आता उलट दिशेने: स्वतः इंग्रजी लिहिताना

एकट्या वस्तूला ‘स्कॅटर्ड’ लावू नका. ‘अ स्कॅटर्ड बुक’ होत नाही. पुस्तकं अनेक हवीत. समूहवाचक नाम एकवचनी असलं तरी चालतं, कारण त्याच्या पोटात अनेक असतात: ‘अ स्कॅटर्ड फॅमिली’, ‘अ स्कॅटर्ड आर्मी’.

मराठीत ‘विस्कटलेले केस’ म्हणतो म्हणून इंग्रजीत ‘स्कॅटर्ड हेअर’ लिहिण्याची चूक फार होते. तसं वाचणाऱ्याला जमिनीवर पडलेले केस दिसतात. डोक्यावरच्यांना ‘मेसी’ किंवा ‘टसल्ड’ म्हणा. ‘विस्कळीत वाहतूक’लाही ‘स्कॅटर्ड ट्रॅफिक’ नाही, ‘डिसरप्टेड’. आणि ‘हिंसाचाराच्या तुरळक घटना’ लिहायच्या असतील तर ‘स्कॅटर्ड इन्सिडंट्स’ अगदी योग्य, बातम्यांमध्ये ते रोज दिसतं.

सरावासाठी एक वाक्य घ्या, ज्यात हा शब्द दोनदा आहे: ‘द बर्ड्स स्कॅटर्ड, लीव्हिंग अ फ्यू फेदर्स स्कॅटर्ड ऑन द ग्रास.’ पहिला क्रिया, तीही आपणहून आणि घाबरून. दुसरा नुसती मांडणी, वर ‘अ फ्यू’ म्हणजे थोडकेपणाही. मी आज ते असं लिहीन: ‘पाखरं भुर्रकन पांगली, गवतावर इथे-तिथे चार पिसं तेवढी राहिली.’ तुमचं वाक्य वहीत लिहा आणि मग माझ्याशी ताडून पाहा. वेगळं निघालं तर आधी माझ्या ‘चार’वर शंका घ्या, मूळ वाक्यात तो आकडा नाही.